दुसऱ्या दिवशी कोण येतं?

रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ गोव्यात कोणी थांबत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पर्वरीच्या महामार्गावर, वेर्ण्याच्या पठारावर, फोंड्याकडच्या वळणांवर स्कूटर घसरली की मागून येणारा पायलट, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचा चालक, आपली गाडी कडेला लावतो, दुकानातली बाई पाण्याची बाटली घेऊन धावते, दोघे-तिघे मिळून १०८ला फोन करतात. चुका होतात, पण माणसं येतात.

मग जखमी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात पोचतो, टाके पडतात, पायाला प्लास्टर लागतं आणि सकाळ होते. ज्याचं घर ताळगावात किंवा डिचोलीत आहे त्याच्याकडे भाऊ येतो, वहिनी पेजेचा डबा आणते. ज्याचं घर कर्नाटकातल्या विजापूर किंवा ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात आहे त्याच्याकडे कोण येतं? ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही ख्रिस्ती धर्माची आज्ञा आजच्या गोव्यात खरी कसाला लागते ती या खाटेपाशी, असं मला ठामपणे वाटतं. आणि तिचं उत्तर एकेका दयाळू माणसावर सोडून न देता इगर्जीने म्हणजे चर्चने, देवळाच्या समितीने आणि पंचायतीने वाड्यावाड्यात व्यवस्था लावून द्यायला हवं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची (गुड समॅरिटनची) गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण सांगताना ती बहुधा अर्ध्यावरच थांबते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे २७ किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरते. निर्जन, खडकाळ, लुटारूंच्या सोयीची. त्या वाटेवर एका माणसाला लुटून, मारून, अर्धमेला टाकून दिलेलं असतं. याजक बघून पलीकडून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवीही जातो. शोमरोनी थांबतो. इथपर्यंत प्रवचनं पोचतात. पण पुढची वाक्यं वाचली तर कळवळ्याला त्यात अर्धी ओळ मिळाली आहे आणि बाकी सगळा कामाचा हिशेब आहे. तो जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाला देतो आणि सांगतो की याची काळजी घे, जास्त खर्च होईल तो मी परत येताना देईन. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तोच दर ठरलेला आहे. म्हणजे दोन दिवसांची कमाई रोख, आणि वर एक खुलं आश्वासन ज्याची रक्कम कोणालाच ठाऊक नाही. गोष्टीचं वजन त्या आश्वासनात आहे.

पहिल्या तासाबद्दलही नेमकं बोलायला हवं, कारण चांगल्या मनाने केलेली मदत पुष्कळदा इजा वाढवते. आधी आपली गाडी मागे उभी करून चारही इंडिकेटर लावावेत आणि वळण असेल तर एकाने मागे जाऊन वाहनं हळू करावीत. नाहीतर मदत करणाराच दुसरा जखमी ठरतो. १०८ला सांगताना रस्त्याचं नाव पुरत नाही. जवळची खूण, कोणत्या गावाकडे जाणारी बाजू, जखमी किती, शुद्धीत आहेत का, श्वास चालू आहे का, एवढं सांगून फोन चालू ठेवावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळव्याने सलग दाबून धरावी. ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघितलं की जमू लागलेलं रक्त सुटतं. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवावं. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नये, काच वर करून पट्टा सैल करावा. मानेला इजा असेल तर ओढून काढलेलं हेल्मेट जन्माचं पंगुत्व देऊ शकतं. हातपाय धरून उचलून रिक्षात कोंबणं हीही तशीच चूक. आग किंवा अंगावर येणारी वाहनं यांचा धोका नसेल तर रुग्णवाहिकेची वाट बघावी. पाणी पाजू नये. शुद्ध हरपली तर ते श्वासनलिकेत जातं, आणि शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर भरलेलं पोट भूल देताना अडचण करतं. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावं.

आणखी एक गोष्ट, जी प्रथमोपचाराच्या तक्त्यात नसते: जखमीचा मोबाईल आणि पाकीट रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याच्या किंवा पोलिसाच्या हाती सोपवावं, आणि फोन बंद करू नये. गर्दीत पाकीट गेलं आणि बॅटरी संपली की सकाळी वॉर्डात त्या माणसाला नावही उरत नाही. त्याच्या आईचा फोन येणार असतो. तो कोणीतरी घ्यायला हवा.

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ ही भीती पूर्वी खरी होती. आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूचा आहे. रुग्णालयाने पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं. ३० मार्च २०१६ रोजी त्याच न्यायालयाने मदतनिसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि सप्टेंबर २०२०मध्ये नियम निघाले. सद्भावनेने मदत करताना काही कमीजास्त झालं तरी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. स्वखुशीने साक्षीदार व्हायचं ठरवलं तर जबाब एकाच बैठकीत, सोयीच्या जागी घ्यायचा असतो. या कायद्यात इंग्रजीतून मदतनिसाला जे नाव दिलं आहे ते लूकच्या त्या शोमरोन्याचंच: ‘गुड समॅरिटन’. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्राच्या राहवीर योजनेतून २५,००० रुपये मिळतात, आणि मे २०२५पासून रस्ते अपघातातल्या कोणालाही नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख न भरता मिळण्याची तरतूद आहे. ही चांगली पावलं आहेत. पण बघा, बक्षीस पहिल्या तासाचं आहे आणि उपचाराची हमी सात दिवसांची. नडगीचं हाड जुळायला तीन-चार महिने लागतात.

त्या तीन-चार महिन्यांत काय होतं ते तपशिलाने समजून घ्यायला हवं, कारण करुणेचा खरा विषय तोच आहे. सरकारी वॉर्डात परिचारिका आणि डॉक्टर आपलं काम करतात, पण रुग्णाजवळ सोबतीचा माणूस असणार हे गृहीत धरूनच तिथलं सगळं चालतं. तपासणीला नेताना बरोबर जायला, बाहेरून आणायचं औषध आणायला, जेवण भरवायला, रक्तासाठी दाता शोधायला कोणीतरी लागतं. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा, पुरुष असेल तर तीन महिन्यांत आणि बाई असेल तर चार महिन्यांत रक्त न दिलेला हवा. परक्या गावात एकट्याने तो कुठून आणायचा? हलता न येणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात, आणि मूळ हाड जुळलं तरी त्या जखमा महिनोन्‌महिने पुरतात.

मग डिस्चार्ज. बरोबरीचे मजूर एका दिवसाची मजुरी बुडवून त्याला खोलीवर आणतात. ती खोली म्हणजे तिघा-चौघांत भाड्याने घेतलेली दहा बाय दहाची जागा. संडास बाहेर, सामायिक, उकिडवं बसायचा. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर असलेल्या माणसाला ते अशक्य असतं. म्हणून तो पाणी कमी पितो, जेवण कमी करतो. यातून लघवीचा त्रास, बद्धकोष्ठ, अशक्तपणा असं एकेक सुरू होतं. रोजगार थांबलेला, भाडं चालू, गावाकडे पैसे पाठवणं बंद. फेरतपासणीला बांबोळीला जायला कदंब बसची पायरी चढता येत नाही, टॅक्सीला पैसे नाहीत. मग तारीख चुकते आणि हाड वाकडं जुळतं. राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी आहे, तिचा त्याला उपयोग नाही. त्याच्या गावच्या घरात आयुष्मान कार्ड असू शकतं आणि ते राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालतं, पण ते शोधायला गावी फोन करून कार्डाचा फोटो मागवणारा माणूस लागतो. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल तर गंभीर जखमेसाठी ५०,००० आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये भरपाईची केंद्राची योजना १ एप्रिल २०२२पासून लागू आहे. तो अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपजिल्हाधिकारी वा मामलेदारांच्या कार्यालयात जातो, आणि त्याला कागद जोडणारा पुन्हा दुसराच कोणी असावा लागतो. यातल्या एकाही कामाला मोठं धन लागत नाही. वेळ लागतो, आणि परत परत यावं लागतं.

आता कळीचा मुद्दा. गोव्यात शेजारधर्म नाही असं कोण म्हणेल? चवथीला नेवऱ्या ख्रिस्ती घरात जातात, नाताळला कोन्सुआदची म्हणजे फराळाची ताटली हिंदूंच्या दारात येते, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात आणि शिरगावची लईराई तिची बहीण मानली जाते. हे जपण्यासारखं आहे आणि आपण जपतोही. पण येशूने या प्रकारच्या देवाणघेवाणीबद्दल लूकच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट सांगून ठेवलं आहे: जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद, धनवान शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते परत बोलावतील आणि तुझी फेड होईल, ज्यांच्याकडे फेडायला काही नाही त्यांना बोलाव. ताटलीच्या बदल्यात ताटली येते ती शेजारात राहण्याची रीत झाली. आज्ञा त्याच्या पुढे सुरू होते. आपल्या वाड्यातल्या भाड्याच्या खोलीत राहणारा, आपल्या घराचा स्लॅब घालणारा, आपल्या ट्रॉलरवर जाळी ओढणारा माणूस त्या ताटलीच्या यादीत नसतो. त्याला आपण ‘घाटी’ म्हणतो, ‘भायलो’ म्हणतो. शास्त्र्याने येशूला विचारलं होतं की माझा शेजारी कोण, म्हणजे हद्द कुठे आखू. येशूने उलट विचारलं की त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला. हद्द आखण्याचा अधिकारच त्याने काढून घेतला. आणि उदाहरणाला माणूस निवडला तो ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने वेगळ्या डोंगरावर पूजा करणारा, पिढ्यांच्या वैराचा.

यावर मराठी वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. ज्या ओल्ड गोव्यात दयेची संस्था होती, त्याच शहरात १५६०मध्ये इन्क्विझिशन हे छळ करणारं धर्मन्यायालयही आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२पर्यंत टिकलं. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेली सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया सोळाव्या शतकात गोव्यातही सुरू झाली. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याची भेट, परक्याला आसरा, मेलेल्याला मूठमाती अशी सात शारीरिक आणि सात आत्मिक मिळून चौदा दयाकृत्यं हा तिचा पाया. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, हे नाकारून उपयोग नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की दया आपल्यांपुरती राखली किंवा तिला धर्मांतराची अट जोडली की ती शोमरोन्याची दया राहत नाही. त्याने जखमीला कोणत्या देवाचा म्हणून विचारलं नव्हतं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या परिपत्रकात हेच मांडलं आहे की दयेचं काम दुसरा कोणता हेतू साधण्याचं साधन नव्हे. ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे इगर्जीच्या हद्दीत, कोणी या कामाआड धर्मप्रसार करू पाहील तिथे फादरांनी तो उघडपणे थांबवावा, आणि शक्य तिथे हे काम देवळाच्या समितीबरोबर मिळून करावं. मग शंकेला जागाच उरणार नाही.

बाणावलीत १६५१ साली जन्मलेल्या संत जुझे वाझ यांचं उदाहरण इथे नेमकं बसतं. श्रीलंकेतल्या कँडीत ते गेले तेव्हा परके होते. पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांना आधी कोठडीत टाकलं गेलं. १६९७मध्ये तिथे देवीची साथ आली आणि लोक आपल्याच घरातल्या आजाऱ्यांना टाकून गेले. वाझ आणि त्यांचे सहकारी यांनी त्या टाकलेल्यांची जात-धर्म न बघता शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरलं. बौद्ध राजाच्या राज्यात, बौद्ध रुग्णांची. २०१५ साली ते संत जाहीर झाले तेव्हा आपण सगळ्या गोव्याने अभिमान बाळगला, तो योग्यच होता.

‘हे सरकारचं काम आहे’ हा दुसरा आक्षेप. सरकारचं काम आहेच, आणि मजुराची नोंदणी, विमा, राहण्याची जागा यांसाठी ठेकेदाराला आणि खात्याला जाब विचारणं हाही प्रीतीचाच भाग आहे. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, ही बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञा शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेच्या अवघ्या पाच वचनं आधी येते. बांधकाम मजुराचं वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर तो कल्याण मंडळाकडे नोंदणीला पात्र असतो. ज्याच्या घराचं काम चालू आहे त्या घरमालकाने ठेकेदाराला एवढं विचारावं. पण शोमरोन्यानेही सगळं एकट्याने केलं नाही. त्याने उतारशाळा वापरली आणि तिच्या मागे उभा राहिला. संस्था आणि माणूस दोन्ही लागतात.

‘त्यांच्यामुळे गुन्हे वाढतात’ असंही म्हटलं जातं. भाडेकरूंची पोलीस पडताळणी करावी, ती कायद्याला धरून आहे. पण त्याच दिवशी त्याच्या गावचे दोन फोन नंबर आणि रक्तगट एका वहीत लिहून ठेवायला काय अडतं? अपघाताच्या रात्री ती वही पोलिसांच्या फॉर्मपेक्षा लवकर उपयोगी पडेल.

परक्याबद्दलची आज्ञा लेवीयमध्ये कारणासकट आली आहे: परदेशीयावर आपल्यासारखी प्रीती कर, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परदेशी होता. गोमंतकीयांना मिसर लांब शोधायला नको. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावागावांच्या कूडी, म्हणजे सामायिक राहण्याच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत, किंवा दोन सफरींच्या मधे, तारवटी तिथे अल्प भाड्यात राहायचा, ट्रंक ठेवायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायचा, आजारी पडला तर गाववाले बघायचे. गोमंतकीय हिंदूंनीही मुंबईत १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन उभी केली. परक्या शहरात माणसाला काय लागतं याची जाण आपल्या घराघरांत आहे.

मग करायचं काय? नवी संस्था काढू नये. अनेक पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीची शाखा आहे. १८३३पासून तिची पद्धत ठरलेली: दोघांनी मिळून घरी भेट द्यायची, नियमाने जायचं, वाच्यता करायची नाही. वाड्यावार चालणारे लहान ख्रिस्ती समुदाय आहेत. त्यांच्या याद्या स्वाभाविकपणे पॅरिशच्या कुटुंबांच्या असतात. त्या वाड्यातल्या प्रत्येक चुलीच्या कराव्यात, भाड्याच्या खोल्यांसकट. बारा जण मिळाले तर आठवड्यात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन तासांपेक्षा जास्त येत नाही. एकाने रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला आपला नंबर देऊन ठेवावा, म्हणजे ‘नातेवाईक नाही’ असा रुग्ण आला की फोन कुठे करायचा ते त्यांना कळेल. करेज्मातल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या दानपेटीतून सामान घ्यावं: एक कमोड खुर्ची, दोन वॉकर, उंची बदलता येणाऱ्या कुबड्यांच्या दोन जोड्या, एक चाकाची खुर्ची, एक हवेची गादी. सगळ्यात आधी कमोड खुर्ची. कुबडी देताना ती काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहील अशी लावावी आणि वजन हातांवर घ्यायला शिकवावं; काखेवर लटकलं तर शिरा दबून हात बधिर होतात. पावसाळ्यापूर्वी कुबडीच्या टोकाची रबरं बदलावीत, ओल्या फरशीवर गुळगुळीत रबर म्हणजे दुसरा अपघात. वापर संपला की वस्तू धुऊन परत आली पाहिजे, त्यासाठी नोंदवही आणि एक जबाबदार माणूस. अशी कामं पैशाअभावी क्वचितच बंद पडतात. उत्साहाने वीस जण पहिल्या आठवड्यात येतात, चौथ्या आठवड्यात कोणी येत नाही, म्हणून ती बंद पडतात. त्यामुळे सुरुवातीलाच कोण कोणत्या वारी जाणार ते लिहून काढावं, आणि एका वेळी एक-दोन रुग्णच घ्यावेत.

सगळ्यात अवघड दयाकृत्य अखेरचं आहे. उपचार करूनही माणूस गेला, आणि मृतदेह गावी न्यायला पैसे नसले, तर? गावच्या स्मशानभूमीत बाहेरच्याला जागा द्यायची की नाही यावर गोव्यात वाद होतात, आणि ते मृतदेह दारात आल्यावर होतात, जेव्हा शांतपणे बोलणं कोणालाच शक्य नसतं. देवस्थान समिती, कबरस्तानाची समिती, पॅरिशची समिती आणि पंचायत यांनी हा ठराव आधीच, लेखी करून ठेवावा: कोणाच्या परवानगीने, कुठे, लागणाऱ्या तीन-चारशे किलो लाकडाचा खर्च कशातून, आणि गावाकडे असलेल्या त्याच्या माणसांना शेवटचा विधी फोनवर दिसेल याची व्यवस्था कोण करणार. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालायला सरपंचाला चार ओळींचं पत्र पुरतं.